कांदळ तुझं, सही माझी

आक्का, तुला जाऊन चौदा दिवस झाले आणि माझ्या पोटातलं दुखणं काही कमी होत नाही. दुःखाचं म्हणत नाही मी, ते आहेच. हेव्याचं म्हणते. मेलेल्या माणसाचा कोणी हेवा करतं का? मी करते. दुखवट्याला आलेलं माणूस पडवीत बसतं, पाण्याचा तांब्या हातात घेतं आणि माझ्याकडे बघायचं सोडून खाडीकडे बघतं. तिथं तुझं कांदळवन उभं असतं, हिरवंगार, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. "सगळां तिनाच लावललां," असं म्हणून ते माणूस डोळे पुसतं. मी मान हलवते. बावीस वर्षं मी या घरात आहे, या वाडीतल्या निम्म्या माणसांना मी अक्षर ओळखायला शिकवलं, पण उद्या मी गेले तर शाळेच्या कौलांकडे बघून कोणी डोळे पुसेल असं मला वाटत नाही.

तुला एक सांगायचं राहून गेलं. होड्यांच्या धक्क्यासाठी तुझं कांदळ तोडलं, त्या कागदावर सही माझी होती. तुला ते ठाऊक होतं की नव्हतं, यावर तीन वर्षं मी माझीच समजूत घालत आले. परवा तुझ्या बाराव्याला ते कळलं. म्हणून हे लिहिते आहे. तू वाचणार नाहीस, पण तू जिवंतपणी तरी कुठे वाचत होतीस? मी पेपर वाचून दाखवायला लागले की अर्ध्यातच "बरां आसा" म्हणून मासळीची पाटी उचलून मालवणच्या बाजाराला निघायचीस.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू मला धाकात घेशील असं माझ्या आईने बजावलं होतं. नवऱ्याची थोरली बहीण, तरुणपणी कपाळ पुसून माहेरी आलेली, घर चालवणारी. जपून राहा म्हणाली. मी दोडामार्गाकडची, काजू-केळीतली, डी.एड. झालेली, घाबरत घाबरत तुला 'तुम्ही' म्हणाले. तू मागे वळून बघितलंस आणि म्हणालीस, "माज्या पाठसून आणिक कोण उभा आसा काय?" त्या दिवसापासून तुला तू. धाकात तू कधी घेतलं नाहीस. ते केलं असतंस तर बरं झालं असतं. खाष्ट नणंदेचा हेवा कोणाला वाटतो? चार शिव्या घालून माणूस मोकळं होतं.

अठ्ठ्याण्णव साली आपल्या मागच्या परड्यातले दोन माड खाडीत गेले. काठ दर पावसाळ्याला आत सरकत होता, विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, आणि तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, दगड टाकून टाकून थकले होते. त्याच वर्षी मी शिक्षकांच्या एका शिबिराला गेले आणि परत आले ती डोक्यात कांदळ घेऊनच. कांदळ लावलं की काठ धरून राहतो, हे या वाडीत पहिल्यांदा बोलले ती मी. हे मात्र माझं, आक्का. हे मी कोणाला देणार नाही. बाकी सगळं तुझं असलं तरी ती पहिली गोष्ट माझी आहे, आणि हे आता मलाच सांगत बसावं लागतं कारण दुसरं कोणी सांगत नाही.

मग मी काय केलं तेही तुला माहीत आहे. सुकतीला पाणी ओसरलं की खाडीत जो सपाट चिखल उघडा पडतो, तो मला दिसला. भली मोठी मोकळी जागा. मी शाळेतल्या पोरांना घेऊन गेले, माझ्या बापाने काजू लावताना धरायचा तशी दोरी धरली, सारखं अंतर मोजलं आणि कांदळाच्या हिरव्या लांब शेंगा ओळीत रोवल्या. साहेब आले, फोटो निघाले, पोरांना लाडू मिळाले. तू काठावर पाटी कमरेला लावून उभी होतीस. एक शब्द बोलली नाहीस. पंधरा दिवसांत सगळ्या शेंगा आडव्या झाल्या. मला वाटलं लाटेने गेल्या, मग वाटलं खेकड्यांनी खाल्ल्या, मग वाटलं कोणीतरी मुद्दाम उपटल्या आणि मी शाळेत पोरांना दरडावलं. शेवटी तू घरी भाकरी थापता थापता सांगितलंस की ती जागा मोकळी नव्हती. ती तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची होती. येसू, तिची जाऊ, पलीकडच्या घरच्या दोघी, सगळ्या तिथेच वाकून तासन्‌तास चिखल उकरून शिंपल्या काढतात. त्यांच्या पायांखाली माझ्या ओळी गेल्या. कोणी राग म्हणून उपटल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी भांडले तुझ्याशी.

"तू माका इचारलंस खंय?" तू म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

हे भांडण बारा वर्षं चाललं. मी म्हणायची, तू मुद्दाम माझी फजिती होऊ दिलीस. तू म्हणायचीस, शिकलेल्या माणसाला मध्येच कसं अडवायचं. मला अजूनही वाटतं तू सांगायला हवं होतंस. आणि तू बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं हेही मला ठाऊक आहे, फक्त तुझ्यासमोर ते कबूल करायचं नव्हतं.

पुढच्या श्रावणात होड्या बंद होत्या. विकायला ताजी मासळी नव्हती, सुकं विकून तू दुपारी घरी यायचीस आणि परत बाहेर पडायचीस. खाडीच्या वळणावर जुनं कांदळ होतं, त्याच्या खाली पडलेल्या शेंगा मासळीच्या पाटीत भरून आणायचीस. पण तू एकटीने लावल्या नाहीस. तू बायकांना गाठलंस. तिसऱ्या काढून झाल्या की त्या जिथे काठावर येऊन पाय धुतात, तिथे प्रत्येकीने पाच शेंगा खुपसायच्या, एवढंच सांगितलंस. रोज चिखलात जातेस ना, मग जाताना पाच. त्यांच्या जागेला हात लावायचा नाही, काठाला लावायच्या. दोरी नाही, खड्डा नाही, अंतर नाही. मी तुला समजावायला गेले की ओळीत लाव, वारा खेळेल, मोजता येईल. "झाडां काय शाळेत बसलीत?" तू म्हणालीस. बायका हसल्या. मी त्या दिवशी तुझ्याशी जेवेपर्यंत बोलले नाही, आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही, म्हणून आणखी राग आला.

तुझ्या हाताला गुण होता. परड्यात मी लावलेली अबोली तीनदा मेली. तू फेकून दिलेल्या वालाला शेंगा लागायच्या. हे नशीब नव्हे, हे मी वर्षानुवर्षं बघत आले. तू झाडाकडे रोज जायचीस, मी झाडाबद्दल वाचायचे. चार-पाच वर्षांत काठावर कमरेएवढं कांदळ उभं राहिलं. त्याच्या मुळांत शेवटं मासळी यायला लागली, कुर्ल्या मिळायला लागल्या, माड पडायचे थांबले. विहीर काही गोडी झाली नाही, पण परडं राहिलं. आणि आमची सायली पाच वर्षांची होती तेव्हापासून आईच्या शाळेत बसायचं सोडून आत्याच्या मागे चिखलात. घरी येऊन मलाच शिकवायची, हे तिवर, ही चिपी, याला हात लावू नकोस काटे आहेत. मी तिला रागवायचे की अभ्यास कर. खरं म्हणजे मला रडू यायचं. पोर माझं, नऊ महिने मी वाढवलेलं, आणि चेहरा उजळायचा तो तुझी पाटी दारात दिसली की. आता रत्नागिरीच्या कॉलेजात गेली तरी फोनवर पहिला प्रश्न, "आत्या खंय?" मी म्हणायचे, "मी पण आहे इथे." ती हसायची. तिला ती थट्टा वाटायची.

मग एकदा बाहेरची माणसं आली, काठ बघायला. शुद्ध मराठीत प्रश्न विचारायला लागली. तू पदर सावरलास, माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "आमच्या वयनीक इचारा. ती शिकलली आसा, ती बरां सांगतली." मी सांगितलं. बरंच सांगितलं. 'आम्ही' म्हणता म्हणता कुठे 'मी' झालं ते माझं मलाच कळलं नाही. पुढे तालुक्याला कार्यक्रम झाला, शाल, नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी झाले. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस, शेजारच्या बाईला सांगत होतीस की ती माझी भावजय. ते प्रमाणपत्र मी माजघरात लावलं आणि दर शनिवारी तू त्याची काच पुसायचीस. एकदा तरी तू तोंड वाकडं करायला हवं होतंस. तू खरोखर खूश होतीस, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी चोरून घेतलेली वस्तू तू मला दिलेली होती. मग माझ्याकडे चोरीसुद्धा राहिली नाही.

आता सहीचं.

दोन हजार सातमध्ये वाडीतल्या चार पुरुषांनी मिळून धक्क्याची समिती काढली. मालवणात पर्यटक यायला लागले होते, आपल्या खाडीतही होड्या फिरवू, त्यासाठी उतरायला धक्का हवा, धक्क्यासाठी तोंडाशी जागा हवी. तोंडाशी म्हणजे जिथे तू पहिली शेंग रोवलीस तिथे. सगळ्यात उंच झाडं तिथली, आणि बायका तिसऱ्या काढून त्याच सावलीत बसायच्या. ते चौघे माझ्याकडे आले, तुझ्याकडे नाही. बाई, लागवड तुमच्या नावावर आहे, तुमची हरकत नसल्याचं लिहून द्या, थोडीच जागा लागणार. तुमच्या नावावर! किती वर्षांनी कोणीतरी कांदळासाठी या घरात आलं आणि 'आक्का आसा काय?' असं विचारलं नाही. मी त्यांना चहा दिला. कागद वाचला. थोडीच जागा नव्हती, हे मला वाचताना कळलं होतं. मी अडाणी नाही. तू बाजारात होतीस. थांबा, ती आल्यावर विचारते, एवढं म्हणायचं होतं. मी सही केली. त्या क्षणी मला बरं वाटलं, आक्का. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

त्यांनी तोडलं त्या दिवशी तू उन्हातून आलीस. पायांवर चिखल तसाच. उंबऱ्यावर बसलीस आणि म्हणालीस, "वयनी, आज तोडल्यानी." मी वह्या तपासत होते. "हो का?" म्हणाले. मान वर केली नाही. तू म्हणालीस, "चाय ठेव." मी चहा ठेवला, तू प्यायलीस, पाय धुऊन आत जाऊन पडलीस. एवढंच. धक्का काही झाला नाही, अजून व्हायचाच आहे. तिथे नुसती खुंटं आहेत आणि काठ पुन्हा ढासळायला लागला आहे.

त्यानंतर वर्षभर बायका तुझ्याशी बोलेनात. हे मी बघत होते. येसू दारावरून जायची, तुला हाक मारायची नाही. श्रावणात कोणी शेंगा लावायला आलं नाही, तू एकटीच पाटी घेऊन जायचीस, तुझे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. मला वाटलं, झाडं तोडली गेली म्हणून त्यांचा जीव उडाला असेल. दुसरंही काही वाटलं, ते सांगते. मला बरं वाटलं. शेवटी तुलाही एकटं पडता येतं तर, असं वाटलं. पडवीतून मी तुला चिखलात एकटी वाकलेली बघायचे आणि मदतीला उठायचे नाही. पुढच्या वर्षी येसू आपण होऊन शेंगा घेऊन आली, हळूहळू बाकीच्याही आल्या, आणि माझं ते सुख संपलं.

या उन्हाळ्यात तू अंथरूण धरलंस. मी सुट्टी घेतली. तुझ्या पायांना तेल लावताना पहिल्यांदा नीट बघितलं, तळव्यांवर कालवांनी कापलेल्या बारीक रेषाच रेषा होत्या, काही जुन्या, काही ओल्या वाटाव्यात अशा. संध्याकाळी तू विचारायचीस, "पाणी खंयसर इलां?" मी काठावर जाऊन बघून यायचे आणि सांगायचे. त्या एका महिन्यात मी तुझ्या कांदळाकडे जितकी गेले तितकी बारा वर्षांत गेले नव्हते. एक दिवस तेल लावता लावता मी म्हटलं, "आक्का, त्या धक्क्याच्या सहीचं..." तू डोळे मिटून होतीस. म्हणालीस, "सायलीचो फोन इलो काय?" मला वाटलं ऐकलं नाहीस. मनातून सुटल्यासारखंही वाटलं. उद्या सांगू म्हटलं. असे पाच-सहा उद्या झाले, आणि मग तू गेलीस.

बाराव्याला बायका आल्या. पानं मांडायला अवकाश होता, सगळ्या पडवीत बसल्या होत्या. शेंगा गळायला लागल्यात, यंदा लावायच्या कुठे, असं त्यांचं चाललं होतं. बोलता बोलता येसू रडायला लागली. म्हणाली, म्हातारीवर आम्ही फार अन्याय केला. मी विचारलं, कसला? तेव्हा तिने सांगितलं. तोडलं त्याच दिवशी कागदावर माझी सही असल्याचं बायकांना समितीतल्या एकाकडून कळलं होतं. त्या सगळ्या मिळून माझ्याकडे यायला निघाल्या होत्या, शाळेवर, पोरांसमोर जाब विचारायला. वाटेत तू त्यांना अडवलंस.

"तिना आमका सांगल्यान, वयनीक सही करूक मियाच सांगलंय," येसू म्हणाली. "मगे आमी तिच्यावांगडा वरीसभर बोलाक नाय."

म्हणजे उन्हातून येऊन उंबऱ्यावर बसलीस ती हे करून आली होतीस. मला काही न विचारता. मी 'हो का?' म्हणाले तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू माझ्याकडे चहा मागितलास. ते वर्षभराचं एकटेपण, ज्यावर मी पडवीत बसून खूश होत होते, ते माझं होतं. माझ्यासाठी आलेलं. तू मध्येच वाटेत उभं राहून ते घेतलंस, जशी बाजारातून येताना माझ्या हातातली जड पिशवी घ्यायचीस, विचारल्याशिवाय.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण आधी काय आलं सांगू? राग आला. हेही तुझंच का? कांदळ तुझं, पोर तुझी, वाडी तुझी. मी एक वाईट गोष्ट केली, या सगळ्यात ती एकच अगदी माझी म्हणावी अशी, आणि तीही तू आपल्या नावावर लावून घेतलीस?

मी उभी राहिले आणि बायकांना म्हटलं, "आक्कान माका काय सांगूक नाय. तिका इचारूक सुदीक नाय मी. सही माजी, मियाच केलंय."

आतून सायली दाराशी आली होती, तिनेही ऐकलं. येसूने विचारलं, "कित्याक?" तेवढंच. मी सांगितलं की मला तुझा हेवा वाटत होता. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि बोलून झाल्यावर ते फारच लहान वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आठ वर्षांची झाडं.

जेवण तुझ्या नावाचं होतं, म्हणून त्या उठून गेल्या नाहीत. जेवल्या. पण माझ्या हातचं कोणी वाढून घेतलं नाही. मी भाताचं भांडं घेऊन पंक्तीत गेले तर प्रत्येकीने पानावर हात आडवा धरला, येसूने, तिच्या जावेने, सगळ्यांनी. मी भांडं सायलीकडे दिलं. तिने वाढलं, माझ्याकडे न बघता. जाताना कोणी 'येतो' म्हणालं नाही. तुझे भाऊ माजघरात बसून राहिले.

आज सकाळी सुकती होती. बायका दारावरून खाडीकडे गेल्या, मला हाक आली नाही. सायली त्यांच्याबरोबर गेली. आत्ता मी लिहिते आहे तेव्हा त्या खाली खुंटांपाशी वाकल्या आहेत, तोडलेल्या जागेतच शेंगा लावताहेत, त्यांचं बोलणं इथवर येतं, आणि मी उठून परड्याच्या दगडी गडग्यापर्यंत गेले की ते थांबतं. वर्षभर चालेल हे, कदाचित जास्त. तुला एक वर्ष दिलं होतं त्यांनी; मला त्याहून कमी का द्यावं?

तू असतीस तर आत्तापर्यंत खाली जाऊन त्यांना समजावून आली असतीस. तसं काही करू नकोस, आक्का. जिथे असशील तिथून मध्ये पडू नकोस. तू घेतलेलं सगळं मी तुला दिलं, प्रमाणपत्रही उद्या उतरवून ठेवते. हा त्यांचा राग तेवढा माझा आहे. तो माझ्याकडे राहू दे.